खोडलेलं उत्तर

थोरल्याचा पहिला ठोसा सरांच्या नाकावर बसला तेव्हा वर्गात सेफ्टी व्हॉल्व्हचा धडा चालू होता. फळ्यावर चित्र अर्धवट काढून झालं होतं. सर खडू घेऊन वळले, दारातून आत घुसणाऱ्या थोरल्याला पाहून म्हणाले, "या, या, उशीर केलात," आणि पुढचं त्यांना बोलताच आलं नाही. पहिल्या बाकावरचे दोघे चक्क हसले. त्यांना वाटलं, सरांनी काहीतरी प्रात्यक्षिक ठेवलंय. सरांना तशी हौस होती. शर्टावर रक्त ओघळायला लागलं तेव्हा कुठे त्यांचं हसू मावळलं.

दुसरा ठोसा कानशिलावर बसला. तिसरा कुठे बसला ते थोरल्यालाही कळलं नाही. सर खुर्चीसकट आडवे झाले. त्यानं त्यांना कॉलर धरून उठवलं ते पुन्हा पाडता यावं म्हणून. बाक सरकले, डबे पडले, कुणीतरी "अहो, अहो" करत राहिलं. बॉयलरवर काम करणारी दांडगी माणसं ती, पण आपल्या मास्तराला मार बसताना काय करायचं हे कुठल्याच धड्यात नव्हतं, त्यामुळे सगळे नुसते उभे.

आता थोरला काही मारकुटा माणूस नव्हता. साबणाच्या कारखान्यात बॉयलर सांभाळायचा, कुणी अंगावर आलं तर बाजूला व्हायचा, घरात झुरळ निघालं तर बायकोला हाक मारायचा. अशा माणसाच्या मुठीत एवढं बळ आलं कुठून, हे कळायचं तर दोन गोष्टी कळायला हव्यात. एक सरांची, एक धाकट्याची.

सरांची शिकवणी म्हणजे गॅरेजच्या डोक्यावरची एक लांबट खोली आणि मोबाइलवर येणारी एक फाइल. खरं मोल त्या फाइलीचं. बॉयलर ऑपरेटरच्या परीक्षेला येणारे यच्चयावत प्रश्न, त्यांची उत्तरं, बॉयलरच्या पोटात शिरून काढलेले फोटो, सगळं सरांनी स्वतः जमवलेलं. त्यासाठी माणसानं उमेदीची वर्षं घातली होती, यात खोटं काही नाही. मग एका वर्षी कुणी शहाण्यानं ती फाइल चारचौघांत वाटली, चारचौघांनी गावभर वाटली, आणि सरांच्या खोलीत बाक तेवढे उरले. फुकट मिळालेल्या फाइलीवर पास झालेला एक पठ्ठ्या वर सरांनाच भेटायला आला आणि म्हणाला, "सर, तुमच्या फोटोंचा फार उपयोग झाला!" सरांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवसापासून त्यांनी आपली युक्ती सुरू केली.

युक्ती साधी होती. फाइल विकत घेणाऱ्या प्रत्येकाला एक उत्तर मुद्दाम चुकीचं द्यायचं. प्रत्येकाचं वेगळ्या जागी. फाइल छापून वर्गात आणायची असा नियम होता. पहिल्या दिवशी सर एकेकाला टेबलाशी बोलवायचे, त्याचं त्याचं पान उघडायचे आणि लाल पेन हातात द्यायचे. खोडा. लिहा. वाचून दाखवा. त्यानं खणखणीत वाचून दाखवल्याशिवाय पुढच्याची पाळी नाही. पुढे कधी फाइल बाहेर सापडली, तर कुठलं उत्तर चुकलंय एवढं बघायचं की चोर सापडला.

थोरल्याची पाळी आली तेव्हा त्याच्या पानावर प्रश्न होता, बॉयलरमधली पातळी दाखवणाऱ्या गेजच्या काचेत पाणी दिसेनासं झालं तर पहिलं काय कराल? उत्तर छापलं होतं, ताबडतोब फीड पंप चालू करून पाणी भरावं, पातळी वर आली की मग आग कमी करावी. थोरल्यानं ते खोडलं आणि लाल शाईनं लिहिलं, आधी आग बंद, पंपाला हात लावायचा नाही. तापून लाल झालेल्या पत्र्यावर पाणी पडलं तर त्याची एका झटक्यात वाफ होते आणि बॉयलर फाटतो, हे त्याला नोकरीवरच्या अनुभवानं माहीतही होतं. म्हणून त्यानं हसत विचारलं, "हे कशासाठी सर?"

"चोर धरायला," सर म्हणाले.

थोरल्याचे कान तापले, कारण ज्या संध्याकाळी फाइल आली, त्याच संध्याकाळी ती त्यानं धाकट्याला पाठवून दिली होती. धाकटा कापड रंगवण्याच्या कारखान्यात नुकताच बॉयलरवर लागला होता, त्यालाही परीक्षा द्यायची होती. दोघं भाऊ एका बुटांच्या जोडीत वाढलेले. थोरल्याला घट्ट झाले की धाकट्याच्या पायात, मग पुढे कापूस कोंबून का होईना. एका घरात एकच गोष्ट दोनदा विकत घ्यायची असते, हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. फाइलीच्या पहिल्या पानावर 'दुसऱ्यास देऊ नये' असं ठळक लिहिलं होतं. थोरल्यानं ते अंगठ्यानं वर सरकवलं. भाऊ काय दुसरा असतो?

घरी जाऊन सांगायचं, असं त्यानं ठरवलं. घरी गेला तर धाकट्यानं मोटारसायकलवर दिवसभर हुंदडून टाकी कोरडी ठणठणीत करून आणलेली. त्यावरून दोघांची जुंपली. "तुझ्या बापाची गाडी आहे का?" "तुझ्याच बापाची आहे, आणि तो माझाही बाप होता!" असा सगळा थोर संवाद झाला आणि मग अबोला. दोघंही असे हट्टी की मीठ हवं असलं तरी भिंतीकडे बघून मागायचे. पुढे केव्हातरी अबोला सुटला, हसणं-खिदळणं सुरू झालं, पण तोवर ते उत्तर थोरल्याच्या कागदावर दुरुस्त झालं होतं आणि डोक्यातून पार गेलं होतं. सांगायचं राहिलं. एवढंच. या 'राहिलं'ला मी तरी क्षमा करणार नाही, पण असं कुणाचं काही राहिलंच नाही म्हणणारा माणूस मला दाखवा.

मग रंगाच्या कारखान्यातला बॉयलर फाटला.

पाणी कमी झालं की वाजणारा भोंगा तिथल्या मालकानं आधीच काढून ठेवला होता. सारखा वाजतो, कामगारांचं लक्ष उडतं म्हणे. काचेत पाणी दिसेनासं झालं ते पैलवानानं पाहिलं. पैलवान म्हणजे धाकट्याचा जोडीदार, हातापायाच्या काड्या, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणायचे आणि तोही दंड फुगवून दाखवायचा. तो ओरडला आणि दाराकडे पळाला. तेव्हा धाकटा म्हणाला, "थांब रे, पळतोस काय, मला पाठ आहे." पैलवान थांबला. धाकट्यानं खांबाआडच्या पॅनेलवर पंपाचं बटण दाबलं.

बॉयलरची मागची जाड तबकडी सुटून भिंतीतून पार गेली. पैलवान तिच्या वाटेत होता. लोकांनी त्याला चादरीत गोळा केलं तेव्हा त्याचा दंड वेगळा सापडला, आणि त्याला पैलवान म्हणणाऱ्यांपैकी एक जण तिथेच बसून ओकला. खांबानं धाकट्याला वाचवलं, पण वाफेनं गाठलं. हातांची कातडी मोज्यासारखी उतरली, चेहरा सोलून निघाला. त्याचा मोबाइल, फाइल, सगळं त्या खोलीत जळालं.

इस्पितळात शुद्धीवर आल्यावर त्याच्याकडे चौकशी अधिकारी आले आणि त्यांनी विचारलं की आधी पंप का चालू केलास. धाकट्यानं सांगितलं, तसंच करायचं असतं. अधिकारी म्हणाले, बाळा, नेमकं उलटं करायचं असतं, नवख्या ऑपरेटरलाही हे ठाऊक असतं. ते गेल्यावर धाकट्यानं थोरल्याला हाक मारली. त्याचे डोळे पट्टीखाली होते, हात कोपरापर्यंत गुंडाळलेले.

"दादा, मी उलटं पाठ केलं रे," तो म्हणाला. "एवढं वाचलं, आणि नेमकं तेच उलटं पाठ केलं. तो पळत होता दादा. मी त्याला थांबवला."

थोरला बाहेर आला तो जिन्यानं धावतच सुटला आणि थेट सरांच्या वर्गात पोचला. तिथे काय झालं ते वर आलंच आहे.

"विष घालता?" सरांच्या छातीवर गुडघा रोवून थोरला ओरडत होता. "माणसं मरतात त्या जागी विष घालता?"

सरांच्या तोंडात रक्त होतं. दात हलला होता. तरी ते बोलले. "तुमच्याकडून खोडून घेतलं होतं. तुम्ही वाचून दाखवलंत. ह्या सगळ्यांसमोर वाचून दाखवलंत."

"माझ्या भावाकडून घेतलंत का खोडून?"

"तुमचा भाऊ कोण? मी त्याला ओळखत नाही. मी त्याला काही दिलं नाही. ते कुणी दिलं?"

हे सरांनी विचारलं नसतं तर कदाचित थोरला थांबलाही असता. मूठ दुखायला लागली होती, राग उतरणीला लागला होता. पण माणसाला खोट्यापेक्षा खरं बोलणाऱ्याचा जास्त राग येतो. थोरल्यानं टेबलावरची लोखंडी मोजपट्टी उचलली आणि सरांच्या तोंडावर मारली. ज्या तोंडातून ते वाक्य आलं, ते तोंड त्याला राहू द्यायचं नव्हतं. ओठ फाटला. पट्टी दुसऱ्यांदा वर गेली तेव्हा वर्ग जागा झाला. चौघांनी त्याला मागून धरलं, फरफटत बाहेर काढलं आणि जिन्यावर यथेच्छ तुडवलं. बुटांच्या टाचांनी, गुडघ्यांनी, कुणी केस धरून. ज्यांच्याशी तो डबा वाटून खायचा, त्यांनीच.

एक वयस्कर ऑपरेटर तेवढा वर्गातच थांबला होता. तो सरांना पाणी देत म्हणाला, "सर, फाइल तुमची, चोरी त्याची, सगळं कबूल. पण चूक घालायला पाईपच्या रंगाचा प्रश्न नव्हता का? तारखेचा नव्हता? हाच सापडला?"

"तारीख चुकलेली कुणाला झोंबत नाही," सर म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

थोरला जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पडून होता. एक डोळा मिटला होता, बरगडीत श्वास अडकत होता. वर्ग सुटला, एकेक जण त्याला ओलांडून गेला. मग सर उतरले, ओठावर रुमाल दाबून, त्याच्याच शेजारी बसले. खाली गॅरेजमध्ये कुणीतरी पत्रा ठोकत होतं, त्यामुळे त्यांना कानाशी लागून बोलावं लागलं. इस्पितळातलं सगळं त्यांनी आधी थोरल्याकडून काढून घेतलं.

"मी पोलिसात जात नाही," ते म्हणाले. "तुम्हीही जाऊ नका. भावाकडची फाइल जळाली. तुमचा भाऊ चूक स्वतःची म्हणतोय, अधिकारीही त्याचीच म्हणतायत. म्हणू देत. त्याला काही होणार नाही, भोंगा मालकानं काढला होता, ठपका मालकावर जाईल, निभावेल. तुमचं नाव कुठे नाही, माझं नाव कुठे नाही. तुम्हाला लायसन्स मिळेल, घर चालेल, त्याचे उपचार होतील. खरं सांगून तो पैलवान उठून बसणार आहे का?"

वाईट हे की थोरल्याला ते पटलं. अळीमिळी गुपचिळी, दोघांचंही साधत होतं. जाताना सरांनी त्याला हात देऊन उभं केलं, आणि त्यानं तो हात घेतला. ज्या तोंडावर आपण पट्टी मारली त्याच माणसाच्या खांद्याचा आधार घेऊन तो रस्त्यापर्यंत गेला. त्या क्षणी त्याला स्वतःची जेवढी किळस आली, तेवढी मारताना आली नव्हती.

इस्पितळाच्या नळावर त्यानं तोंड धुतलं. धाकट्याला दिसत नाही हे बरंच, असं त्याच्या मनात आलं. काय सांगायचं तेही ठरलं होतं. होतं असं, म्हणायचं. सगळ्यांचंच काही ना काही उलटं पाठ होतं, म्हणायचं. तू बरा हो.

वॉर्डच्या दारातूनच त्याला आवाज ऐकू आला. पैलवानाची बायको आली होती, आणि धाकट्यानं तिला सगळं सांगून टाकलं होतं.

ती पलंगाशी उभी राहून धाकट्याला मारत होती. पायातली चप्पल काढून पायांवर, पोटावर, जिथे पट्टी नव्हती तिथे, आणि मग जिथे होती तिथेही. "पळत होता ना तो? पळत होता ना? तू का थांबवलास?" प्रत्येक प्रश्नाला एक तडाखा. शेजारच्या पलंगावरचा म्हातारा घंटा शोधत होता. धाकट्यानं हात आडवे घातले नव्हते. तो मार मोजल्यासारखा स्वस्थ पडून होता.

थोरल्यानं धावत जाऊन तिचा हात धरला. तिनं त्याच्या तोंडावरच चप्पल मारली, मिटलेल्या डोळ्यावर. त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण त्यानं हात सोडला नाही.

"सोड तिला दादा," धाकटा म्हणाला. "मारू दे. वहिनी, तुम्ही मारा. माझंच चुकलं. तुम्ही मारलंत तर मला बरं वाटतंय."

बरं वाटतंय, असं तो खरोखरच म्हणाला. पलंगावरचा तो सोललेला पोरगा, ज्याला थोरल्यानं सायकल शिकवली, पोहायला शिकवलं, तो मार मागत होता. थोरल्याला वाटलं, आपण आज गप्प राहिलो तर हा जन्मभर असाच कुणाकुणाकडून मार मागत फिरेल, आणि आपण त्याला 'बरा हो, बरा हो' म्हणत औषधं आणून देत राहू.

"त्याचं चुकलं नाही," तो म्हणाला.

"तू गप्प बस दादा."

"तुझं चुकलं नाही रे! तू बरोबर पाठ केलंस. फाइलमध्ये जसं होतं तस्संच पाठ केलंस. आधी पंप, मग आग. तेच लिहिलं होतं. ते खोटं होतं. सरांनी मुद्दाम घातलं होतं, चोर धरायला. माझ्याकडून खोडून घेतलं. मला माहीत होतं. मी तुला सांगितलं नाही."

पैलवानाच्या बायकोचा हात सैल पडला. "म्हणजे?" ती म्हणाली. ती एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिली. "म्हणजे मी मारू कुणाला?"

"मला मारा, वहिनी."

पण तिच्यातलं बळच गेलं होतं. ती खाली फरशीवर बसली आणि एक चप्पल हातात, एक पायात, अशी तोंड उघडं टाकून रडायला लागली.

धाकट्यानं तोंड आवाजाच्या दिशेनं वळवलं आणि विचारलं, "का नाही सांगितलंस?"

थोरल्याला खोटं कारण सुचेना. "आपला अबोला होता," तो म्हणाला. "गाडीवरून. मग राहून गेलं."

"गाडीवरून," धाकटा म्हणाला.

"हो."

"जवळ ये."

थोरला जवळ गेला. त्याला वाटलं, हा आता आपल्या खांद्यावर डोकं ठेवेल. लहानपणी भांडण मिटलं की ठेवायचा. तो वाकला.

धाकट्यानं गुंडाळलेला हात उचलून त्याच्या छातीवर मारला. अंदाजानंच, पण सगळं बळ एकवटून. आणि स्वतःच किंचाळला, कारण त्या हाताला कातडी नव्हती. मग दुसरा हात. पुन्हा किंचाळला. त्याचे दात वाजत होते, पट्टीखालून पाणी वाहत होतं, तरी तो थांबेना. "थांब रे म्हटलं मी त्याला!" तडाखा. "पाठ आहे म्हटलं!" तडाखा. थोरल्याला काही लागत नव्हतं, पट्ट्या मऊ होत्या. हात धरून त्याला थांबवावं तर भाजलेल्या मांसावरच पकड बसणार. मागे सरावं तर वार हुकून तो पलंगावरून खाली येणार. म्हणून थोरला हात मागे बांधून, छाती पुढे काढून उभा राहिला, आणि 'बस कर, तुला लागतंय, बस कर' असं म्हणत रडत राहिला. पांढऱ्या पट्ट्या लाल झाल्या, त्याचा शर्ट लाल झाला.

परिचारिका धावत आली तेव्हा मार नेमका कोण खातंय, हे तिला पटकन कळलंच नाही.